चिमूरची न झालेली चौकशी

एक रस्ता वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामहून चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरकडे जातो. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. १९४२ च्या नोव्हेंबरात सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी हा रस्ता उपाशीपोटी चालले. त्यांची मागणी एकच होती: चिमूरच्या स्त्रियांवर जे गुदरले, त्याची चौकशी करा.

१६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस होता. या दिवशी आपल्याकडे चुलीवर तवा चढत नाही, विळीने काही चिरत नाहीत, शेतात नांगर धरत नाहीत. जमिनीतल्या जिवालाही इजा होऊ नये, हा त्यामागचा भाव. त्याच दिवशी ‘चले जाव’च्या घोषणा देत निघालेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात गेला आणि खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. ही शेवटची गोष्ट गाळून मानवी हक्कांविषयी बोलणे लबाडीचे ठरेल. पुढे गावात लष्कर आणि पोलीस उतरले, पुरुषांची सरसकट धरपकड झाली, साऱ्या गावावर सामूहिक दंड बसवला गेला आणि ज्या घरांत आता फक्त बायका-मुले उरली होती, त्या घरांत शिपाई शिरले. तिथे काय झाले, ते बायकांनी नागपूरहून आलेल्या काही महिलांना सांगितले.

ज्यांच्यावर आरोप होता, त्यांच्याच सरकारकडे दाद मागायची होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा वणीचे लोकनायक बापूजी अणे होते. भन्साळी प्रथम दिल्लीला त्यांच्या दारी गेले, पण तिथून त्यांना सेवाग्रामला परत पाठवण्यात आले. मग त्यांनी उपोषण आरंभले आणि चिमूरची वाट धरली. सरकारने चौकशी तर नाकारलीच, शिवाय उपोषणाच्या बातम्याही छापू दिल्या नाहीत. याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. १२ जानेवारीला, ६३ दिवसांनी उपोषण सुटले. बातम्यांवरची बंदी उठली, चिमूरला जाण्याची वाट मोकळी झाली. स्वतंत्र चौकशी मात्र झाली नाही.

चिमूरला त्या वेळी जी गोष्ट मिळाली नाही, ती पुढच्या काही वर्षांत निदान कागदावर तरी आली. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरून तिथे ‘सर्व मानव’ करून घेतले. १२ ऑगस्ट १९४९ रोजी युद्धातल्या वागणुकीला मर्यादा घालणारे चार जिनिव्हा करार झाले. त्यांपैकी चौथ्या कराराच्या २७ व्या कलमाने युद्धकाळात स्त्रियांना बलात्कारापासून विशेष संरक्षण दिले आणि ३३ व्या कलमाने सामूहिक शिक्षेला मनाई केली. हे करार मुख्यतः दोन देशांमधल्या युद्धांसाठी आहेत. तरीही चारही करारांत सारखेच असलेले तिसरे कलम देशांतर्गत सशस्त्र संघर्षालाही लागू होते: ज्याने शस्त्र धरलेले नाही किंवा खाली ठेवले आहे, त्याला मारू नये, छळू नये, त्याची विटंबना करू नये, आणि हे बंधन दोन्ही बाजूंवर सारखेच आहे. याच कलमात एक वाक्य असे आहे की, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉससारखी निःपक्ष संस्था दोन्ही बाजूंना आपली सेवा देऊ करू शकते. मला हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते, कारण बाहेरच्या माणसाने दार ठोठावणे ही त्यामुळे आगळीक ठरत नाही.

हे सारे दूर जिनिव्हातले आहे असे वाटत असेल, तर वैनगंगा ओलांडावी. १९८० च्या सुमारास गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवादी आले, तेव्हापासून तिथल्या आदिवासींनी दोन बंदुकांमधले जिणे काढले. रात्री दलमने, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र टोळीने, जेवण मागितले तर नाही कसे म्हणणार, आणि दिले तर सकाळी पोलिसांना काय सांगणार? खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी कित्येक गावकऱ्यांचे जीव घेतले. आपले सरकार या संघर्षाला युद्ध मानत नाही, पण कलमाचे नाव काहीही असो, निःशस्त्र माणसाला हात लावायचा नाही ही मर्यादा तीच राहते.

२००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लायबेरियाला शंभरहून अधिक महिला पोलिसांची तुकडी पाठवली. ज्या देशातील यादवी युद्धात स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले होते, तिथे गणवेशातल्या परदेशी बायका रस्त्यावर गस्त घालू लागल्या. १९४२ मध्ये चिमूरच्या बायका बोलल्या, त्याही बाहेरून आलेल्या बायकांपुढेच.