हरलेल्या फेरीचा हिशेब

(नाशिक येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फलकावरचा व्हिडिओ गेमचा विषय वाचून, मुलांना गेममधून बाहेर कसे काढावे हे आज कळेल अशा अपेक्षेने काही पालक आले असतील, तर त्यांची निराशा मी आरंभीच करून टाकतो. माझा प्रश्न वेगळा आणि बराच लहान आहे. संघाने खेळायच्या एखाद्या शूटर गेममध्ये नवा स्पर्धात्मक मोड, म्हणजे खेळण्याचा नवा प्रकार, येतो. पात्रे तीच असतात, शस्त्रे तीच असतात, खेळणारी मुलेही तीच असतात, आणि तरीही हीच मुले सांगतात की जुन्यापेक्षा या मोडमध्ये खेळल्याचे समाधान जास्त मिळते. हे जास्तीचे समाधान नेमके कशातून येते? बक्षिसे वाढली, रंगीत पोशाख मिळाले, नवेपणाची हौस होती, ही उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत, कारण बक्षिसाचा आणि नवेपणाचा आनंद पंधरा दिवसांत ओसरतो.

उदाहरण म्हणून मी ओव्हरवॉच घेतो. मे २०१६ मध्ये हा गेम आला तेव्हा सहा विरुद्ध सहा असा खेळ होता, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आल्यावर तो पाच विरुद्ध पाच झाला. टँक पुढे राहून मार झेलतो, डॅमेजवाले समोरच्यांना बाद करतात, सपोर्ट आपल्या माणसांना उभे ठेवतात. ही विभागणी इथल्या मुलांना तोंडपाठ आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी याच गेममध्ये स्टेडियम नावाचा मोड आला. सामना एकसलग न राहता सात फेऱ्यांचा झाला आणि ज्याच्या चार फेऱ्या आधी होतील तो जिंकला असे ठरले. प्रत्येक फेरीपूर्वी शस्त्रागार उघडते. खेळताना केलेला मारा, दिलेला उपचार, बाद केलेले गडी यांतून मिळालेले आभासी पैसे तिथे खर्च करून वस्तू घ्यायच्या असतात, आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या फेरीपूर्वी एकेक विशेष शक्ती निवडायची असते. एकदा घेतलेले पात्र सामना संपेपर्यंत बदलता येत नाही. आरंभी या मोडमध्ये केवळ १७ पात्रे होती, म्हणजे मूळ गेमच्या निम्म्याहूनही कमी. कागदावर पाहिले तर खेळाडूचे स्वातंत्र्य कमीच झाले होते.

कॉलेज रोडच्या एका गेमिंग कॅफेत मी काही दिवसांपूर्वी तासभर मुलांच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. पाच जणांचा संघ होता आणि त्यातला अकरावीतला एक मुलगा ॲना हे सपोर्टचे पात्र खेळत होता. पहिली फेरी गेली, दुसरीही गेली. दोन्ही वेळा एकच गोष्ट घडत होती: समोरच्या संघातले गेंजी हे पात्र भिंतीवरून चढून मागे येई आणि ॲनाला आधी गाठी, ॲना पडली की उपचार थांबत, आणि मग पुढे ढाल धरून उभा असलेला आपला टँक, राइनहार्ट, काही क्षणांत कोसळत असे. मुलाने तोवर आपले सगळे पैसे बंदुकीचा मारा वाढवण्यात घातले होते. दुसऱ्या फेरीनंतर शस्त्रागार उघडले तेव्हा त्याने माउस काही वेळ तसाच धरून ठेवला, शेजारच्याला म्हणाला, ‘‘अरे, मी मरतोय म्हणून आपण हरतोय,’’ आणि उरलेले पैसे जीव टिकवणाऱ्या वस्तूंवर लावले. तिसऱ्या फेरीत गेंजी पुन्हा त्याच वाटेने आला. या वेळी ॲना पहिल्या तडाख्यात पडली नाही, मिळालेल्या त्या अर्ध्या क्षणात तिने झोपेचा बाण मारला, गेंजी जागीच आडवा झाला आणि चौघांनी मिळून त्याला संपवले. ती फेरी त्यांनी जिंकली. सामना मात्र ते चार-दोन असा हरले, आणि हरल्यावर कोणीही हेडफोन आपटला नाही, उलट पुढच्या सामन्यासाठी रांग लावण्याआधी दोन मिनिटे पाचही जण पाचवी फेरी कुठे बिघडली यावर बोलत बसले.

मला जे सांगायचे आहे ते या दोन मिनिटांत आहे. जुन्या मोडमध्येही चुका होत, त्या सुधारता येत, पात्रही बदलता येई. परंतु सामना इतका सलग वाहत असे की कोणत्या चुकीमुळे काय गेले हे ध्यानात येण्याआधी पुढची चकमक सुरू झालेली असे आणि शेवटी हातात एकच ओळ उरे, जिंकलो किंवा हरलो. नव्या मोडने पराभवाचे लहान तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्यानंतर, कारण अजून डोळ्यांसमोर ताजे असतानाच, खेळाडूच्या हातात एक निर्णय दिला. निर्णय आणि परिणाम यांच्यातले अंतर काही मिनिटांवर आले. आपण विचार केला आणि त्या विचाराने फरक पडला, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसणे हेच त्या जास्तीच्या समाधानाचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

फेऱ्या आणि पैसा ही कल्पना अर्थातच ओव्हरवॉचची नाही. १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमवर हौशी मंडळींनी रचलेल्या काउंटर-स्ट्राइकपासून ती चालत आली आहे. इथे बसलेली निम्मी मुले व्हॅलोरंट हा याच धाटणीचा गेम खेळतात, म्हणून त्यातलेच आकडे घेतो. जिंकलेल्या फेरीचे प्रत्येक खेळाडूला ३००० आभासी पैसे मिळतात. हरलात तर १९००, लागोपाठ दुसऱ्यांदा हरलात तर २४००, तिसऱ्यांदा २९००. वँडल बंदूक २९०० ला आणि भारी चिलखत १००० ला, म्हणजे पूर्ण तयारीचा खर्च ३९००. आता हरलेल्या संघातल्या प्रत्येकाकडे १९०० आले आहेत आणि गाठीशी फारसे काही नाही. अशा वेळी पाचही जणांनी जे परवडेल ते घेऊन उतरायचे की ही फेरी गेली असे धरून पैसे राखायचे आणि पुढच्या फेरीला पाचही जणांनी वँडल घेऊन जायचे, हे त्यांना ठरवावे लागते. मुले याला ‘इको मारणे’ म्हणतात. पुढच्या हंगामाचे भांडवल राखण्यासाठी या वर्षी हात आखडता घेणारा निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार दुसरे काय करतो? फरक इतकाच की एकट्याने राखून भागत नाही, पाचांनी एकमताने राखावे लागते, आणि एकाने हट्टाने बंदूक घेतली तर दोन फेऱ्यांचे नियोजन वाया जाते.

हरणाऱ्याला वाढत्या क्रमाने पैसे का द्यायचे, जिंकणाऱ्यावर हा अन्याय नाही का, असा आक्षेप एका पालकांनी मघाशी चहाच्या वेळी घेतला. मी लहानपणी पंचवटीत कबड्डी खेळलो, म्हणून उत्तर तिथूनच देतो. कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा जात नाही. आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की आपला एक गडी उठतो. सगळा संघ बाद झाला तर समोरच्याला लोणाचे दोन गुण मिळतात, पण सातही गडी पुन्हा मैदानात येतात. प्रो कबड्डीतली अव्वल पकड तर याहून बोलकी आहे: मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले तर एक गुण जास्तीचा मिळतो. दुबळ्या बाजूला आयता गुण देण्याचा नियम कुठेच नाही, फक्त तिने काही करून दाखवले तर त्याचे मोल अधिक धरले जाते. स्टेडियममध्येही फार वरचढ ठरलेल्या खेळाडूच्या डोक्यावर इनाम लागते आणि त्याला बाद करणाऱ्याला जादा पैसे मिळतात, ते याच न्यायाने. खेळ शेवटपर्यंत जिवंत ठेवायचा असेल तर मागे पडलेल्याला वाट उघडी ठेवावी लागते. चालायचे मात्र त्याने स्वतः.

आता रँककडे, म्हणजे निकालांवरून ठरणाऱ्या खेळाडूच्या पातळीकडे वळतो, कारण समाधानाचा दुसरा आणि बराच फसवा हिशेब तिथे आहे. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथी यांनी २०१७ मध्ये २७०० गुणांकनाचा टप्पा ओलांडला तेव्हा त्या आकड्याचा अर्थ बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकाला कळला. गुणांकनाची ही पद्धत मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांची. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोघांमध्ये ४०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने ११ डावांत साधारण १० गुण मिळवणे अपेक्षित असते, अपेक्षेहून कमी मिळवले तर त्याचे गुण घटतात. बुद्धिबळात हे चोख बसते, कारण पटाच्या एका बाजूला एकच माणूस असतो. पाच जणांच्या संघात निकाल एक आणि वाटेकरी पाच. कोणामुळे जिंकलो हे आकडा सांगू शकत नाही, शेकडो सामन्यांनंतर सरासरीने अंदाज तेवढा येतो. म्हणूनच ‘मी चांगला खेळलो तरी माझी रँक पडली’ ही तक्रार प्रत्येक संघीय शूटरमध्ये ऐकू येते, आणि त्या एका सामन्यापुरती ती पुष्कळदा खरीही असते.

त्यात ओव्हरवॉच २ ने आरंभी एक चूक केली होती. सात विजय किंवा वीस पराभव पुरे होईपर्यंत रँकमध्ये काय बदल झाला हे खेळाडूला दाखवलेच जात नव्हते. आठवडाभर दुकान चालवायचे आणि गल्ला उघडून पाहायचा नाही, असा तो प्रकार होता. पुढे ती संख्या कमी केली गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रत्येक सामन्यानंतर बदल दाखवण्याची पद्धत आली. आकडा दिसू लागल्याने चीड कमी झाली. पण सामन्यात माझा वाटा किती, याचे उत्तर आकडा दिसल्याने मिळत नाही. स्टेडियम त्या उत्तराच्या जरा जवळ जाते, कारण तिथे रँकखेरीज प्रत्येक फेरीत मिळवलेले पैसे आणि त्यांतून उभी केलेली वस्तू-शक्तींची आपली रचना समोर असते. सामना गेला तरी रचना जमली होती की नाही, हे खेळाडूला स्वतःशी ठरवता येते.

एक बदल मात्र नियमांच्या पुस्तकात सापडणार नाही, तो कानांनी टिपावा लागतो. जुन्या मोडमध्ये संघ हरू लागला की पहिली आरोळी येई, ‘‘तू पात्र बदल ना!’’ म्हणजे तू जे खेळतोस तेच चूक, पर्यायाने तूच चूक. पात्र बदलण्याची सोय जितकी मोकळी, तितका दोष देण्याचा मार्गही मोकळा. आता पात्र बदलताच येत नाही. त्यामुळे कॅफेत मला जे ऐकू आले ते असे होते: ‘‘तू घेतलंस काय?’’ या प्रश्नाला उत्तर असते, आणि ते उत्तर पुढच्या फेरीपूर्वी बदलता येते. भांडण माणसावरून निर्णयावर सरकले. मुले एकाएकी सुसंस्कृत झाली असे मी म्हणत नाही, शिव्या त्याही दिवशी ऐकल्या. पण त्या बहुतांशी गेंजीच्या वाट्याला गेल्या.

या मोडचे दोषही लहान नाहीत. नवख्याला शस्त्रागाराचा पडदा पाहून घाम फुटतो; वेळ मोजका, वस्तू ढीगभर, आणि चार जण ‘लवकर कर’ म्हणून ओरडत असतात. मग तो कोणीतरी तयार करून ठेवलेली रचना उतरवून घेतो, आणि ज्या निर्णयातून समाधान यायचे तो निर्णयच दुसऱ्याचा होऊन बसतो. गाइडवरून उत्तरे उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळतात, परंतु गणित सुटल्याचा आनंद मिळत नाही, तशी ही गत आहे. शिवाय इनाम असले तरी पहिल्या तीन फेऱ्या एकतर्फी गेल्या की जिंकणाऱ्याची गंगाजळी इतकी फुगते की चौथी फेरी ही निव्वळ औपचारिकता उरते. आणि सामना लांबतो.

हा शेवटचा दोष घरातल्या मंडळींच्या कामाचा आहे. सामना अर्धवट सोडला तर खेळाडूला दंड होतो आणि उरलेल्या चौघांचा घात होतो, म्हणून जेवायला हाक मारल्यावर आतून ‘‘आई, पाचच मिनिटं’’ असे उत्तर येते तेव्हा ते नेहमीच टाळणे असते असे नाही. फक्त त्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवण्याआधी गुणफलक विचारावा. तीन-तीन असेल तर एकच फेरी उरली आहे, पोळी तव्यावर टाकायला हरकत नाही. एक-एक असेल, तर बाकीच्यांनी जेवून घ्यावे.