मोजणीत न दिसणारी प्लेटलेट

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत रक्तविकारतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पावसाळा सरत आला की रुग्णालयांच्या जिन्यांवर एक संभाषण हमखास कानावर पडतं. ‘काल ऐंशी होत्या, आज पंचावन्नवर आल्यात.’ पुढचा ‘हजार’ कोणी उच्चारत नाही, सगळ्यांना तो गृहीत असतो. डेंग्यूने आपल्याला प्लेटलेट मोजायला शिकवलं. त्यात काही वाईट नाही. पण त्यामुळे एक समज पक्का झाला की प्लेटलेट म्हणजे आकडा. वाढला की बरं, घटला की संकट.

आज मी ज्या प्लेटलेट्सबद्दल बोलणार आहे, त्यांचा आकडा बहुतेक वेळा अगदी नॉर्मल असतो. छातीत कळ येऊन अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या माणसाचा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद बघा. दीड ते साडेचार लाखांच्या मधलाच काहीतरी आकडा दिसेल. आणि त्याच घटकेला त्याच्या हृदयाची धमनी जिने बंद केलीय, त्या गुठळीची सुरुवात याच प्लेटलेट्सनी केलेली असते. रिपोर्ट खोटा नसतो. तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो, एवढंच.

प्लेटलेट ही पूर्ण पेशीसुद्धा नाही. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचे तुकडे पडून प्लेटलेट्स तयार होतात. आकार दोन-तीन मायक्रॉन, आयुष्य सात ते दहा दिवस. आत केंद्रक नाही. हे केंद्रक नसणं लक्षात ठेवा, पुढे अ‍ॅस्पिरिनची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट्स बनतात.

त्यांचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं ते इटलीतल्या तुरीन शहरात, जुलिओ बिझ्झोझेरो यांनी, 1881-82च्या सुमारास. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण त्यांच्या आधीही काहींना दिसले होते, पण काचपट्टीवरच्या रक्तात. बिझ्झोझेरोंनी जिवंत गिनीपिगच्या आतड्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या, वाहत्या रक्तासकट. वाहिनीच्या भिंतीला इजा केली की हे रंगहीन कण नेमके त्या जागी येऊन चिकटतात आणि एकमेकांना धरून ढीग करतात, हे त्यांना दिसलं. गंमत अशी, की मेगाकॅरिओसाइटचं वर्णनही त्यांनीच तरुणपणी केलं होतं. पण या मोठ्या पेशी आणि हे चिमुकले कण यांचं नातं त्यांना उमगलं नाही. ते 1906 साली बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी दाखवलं.

बिझ्झोझेरोंना जे दिसलं ते आजही मूळ सूत्र आहे: प्लेटलेट भिंत बघून वागते. धमनीचं आतलं अस्तर शाबूत असेल तर ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडत राहतं आणि प्लेटलेट्स शांतपणे निघून जातात. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं, त्यावर वॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं लांबलचक प्रथिन बसतं आणि धावत्या प्लेटलेटला पकडतं. पकडली गेलेली प्लेटलेट आकार बदलते, एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन ही रसायनं बाहेर टाकते. त्या हाकेने पुढच्या येतात. मग त्यांच्या पृष्ठभागावरचे हजारो ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पकडून धरणाऱ्या जागा) उघडतात आणि फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाच्या दोऱ्यांनी त्या एकमेकींना जखडून टाकतात.

वॉन विलेब्रँड फॅक्टरची एक खुबी आहे. रक्ताचा वेग आणि घासणी वाढली की गुंडाळलेलं हे प्रथिन ताणलं जातं आणि त्याच्या पकडण्याच्या जागा उघड्या होतात. घाटातल्या अरुंद घळीत ओढ्याचं पाणी कसं उसळतं, तसं अरुंद झालेल्या धमनीत रक्त उसळतं. म्हणजे जिथे आधीच चरबीने जागा कमी झालीय, तिथेच प्लेटलेट जास्त जोमाने चिकटते. शिरांमध्ये रक्त संथ असतं, तिथली गुठळी वेगळी, तांबडी, फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्यात लाल पेशी अडकून झालेली. म्हणून पायाच्या शिरेतल्या गुठळीला मुख्यतः अँटिकोआग्युलंट, म्हणजे रक्त गोठण्याची क्रिया अडवणारी औषधं, देतात आणि धमनीच्या आजारात प्लेटलेटवरची औषधं. दोन्हींना लोक ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात आणि शेजाऱ्याची गोळी स्वतःला लावून बघतात. कृपा करून तसं करू नका.

आकड्याचा मोह सुटावा म्हणून एका दुर्मीळ आजाराचं नाव सांगतो: ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनिया. 1918 साली एडुआर्ड ग्लान्झमन या स्विस बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांचं वर्णन केलं, ज्यांना लहानपणापासून रक्तस्राव होतो, पण प्लेटलेट्सची संख्या मात्र व्यवस्थित असते. फायब्रिनोजेन धरणारा ग्राहकच त्यांच्यात नसतो किंवा सदोष असतो. नात्यात लग्नं होणाऱ्या समाजांत हा आजार जास्त आढळतो, आपल्या देशातही. उलट डेंग्यूत चाळीस हजारांवर आलेला रुग्ण कित्येकदा अजिबात रक्तस्राव न होता घरी जातो. तिथे खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा, म्हणून डॉक्टर प्लेटलेटच्या जोडीने हिमॅटोक्रिटकडेही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाकडेही, डोळे लावून बसलेले असतात.

मग धमनीच्या आजाराचं निदान कसं करायचं? प्लेटलेटकडे बघून नाहीच. प्लेटलेट आपलं नेहमीचं काम करतेय, चुकीच्या जागी. आजार भिंतीचा आहे, तेव्हा शोधायची ती भिंत. हृदयासाठी इसीजी, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारं रक्तातलं ट्रोपोनिन, गरज पडली तर अँजिओग्राफी. मानेच्या धमन्यांसाठी डॉप्लर. हे तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

पायांबद्दल मात्र थांबतो, कारण पाय कोणी दाखवत नाही. थोडं चाललं की पोटरी भरून येते, दुखते, उभं राहिलं की दोन मिनिटांत थांबते, पुन्हा चाललं की पुन्हा. आपल्याकडे हे वयावर ढकललं जातं. याची तपासणी इतकी स्वस्त आहे की ती मागे पडते, असा माझा संशय आहे. घोट्याजवळचा रक्तदाब घ्यायचा, त्याला दंडातल्या रक्तदाबाने भागायचं. भागाकार 0.9 किंवा त्याहून कमी आला तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे. मधुमेह जुना असेल तर धमन्यांत कॅल्शियम साठून त्या दाबल्या जात नाहीत आणि आकडा 1.4च्या वर, फसवा येतो. तिथे अंगठ्यावरचा दाब घ्यावा लागतो. आणि ज्याच्या पायात हा आजार सापडला, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही त्याच वाटेवर असण्याची शक्यता मोठी. विडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत बर्गरचा आजार दिसतो, बोटं काळी पडेपर्यंत जातो. तिथे प्लेटलेटवरच्या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. तंबाखू पूर्णपणे सोडणं हाच उपचार, आणि ‘कमी केलीय डॉक्टर’ हे चालत नाही.

प्लेटलेटची वागणूक मोजताच येत नाही का? येते. गुस्ताव बोर्न यांनी 1962 साली सोपी युक्ती काढली. प्लेटलेट्सनी गढूळ झालेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, घ्यायचा, त्यात एडीपी टाकायचं. प्लेटलेट्सचे गोळे झाले की द्रव निवळतो आणि प्रकाश जास्त आरपार जातो. तो मोजायचा. हे गुस्ताव म्हणजे पुंजभौतिकीतल्या माक्स बोर्न यांचे चिरंजीव. माक्स बोर्न 1935-36मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काही महिने होते. असो, आपण प्लेटलेटकडे परत येऊ. या चाचणीने संशोधन कितीतरी पुढे नेलं. एडीपीच्या ग्राहकाला अडवणारी क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर ही औषधं समजायला तिचाच आधार झाला.

मग साहजिक विचार आला: प्रत्येक रुग्णाची प्लेटलेट चाचणी करून त्याप्रमाणे गोळी ठरवावी. ऐकायला चोख. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाचं होतं, आणि ते काम करणारं एन्झाइम आपल्याकडच्या बऱ्याच लोकांत जन्मतःच मंद असतं, तेव्हा चाचणीने फायदा व्हायलाच हवा होता. 2012 साली फ्रान्समध्ये स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवणाऱ्या 2440 रुग्णांवर हे करून पाहिलं. चाचणी करून औषध बदललेल्यांत आणि चाचणी न केलेल्यांत फरक पडला नाही. त्यामुळे ही तपासणी आज सरसकट करत नाहीत. निवडक रुग्णांत तिला जागा आहे, पण पॅकेजमध्ये कोणी ती विकत असेल तर ‘कशासाठी?’ असं जरूर विचारा.

आता अ‍ॅस्पिरिन. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल गावात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे साधे जनरल प्रॅक्टिशनर होते. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून ते रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचं च्युइंगगम द्यायचे. ज्यांनी ते जास्त चघळलं, त्यांना रक्तस्राव जास्त झाला. दुसरा कोणी असता तर गम बंद करून मोकळा झाला असता. क्रेव्हन यांनी प्रश्न उलटा फिरवला: हे रक्त गोठू देत नसेल, तर हृदयातली गुठळीही अडवेल का? मध्यमवयीन पुरुषांना ते अ‍ॅस्पिरिन देऊ लागले. 1950पासून त्यांनी छोट्या नियतकालिकांत निष्कर्ष छापले, शेवटच्या लेखात आठ हजार माणसांचा हवाला आहे. तुलनेसाठी गोळी न घेणारा गट नव्हता. म्हणून कोणी लक्ष दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या पुराव्यावर द्यायलाही नको होतं. 1957 साली क्रेव्हन हृदयविकारानेच गेले, हा लोकांच्या दृष्टीने त्यांच्या म्हणण्याचा शेवट ठरला. माणूस बरोबर होता, पुरावा अपुरा होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

1971 साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, हे दाखवलं. 1982च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा आहे. पुढे उलगडलं ते असं: थ्रॉम्बॉक्सेन बनवणाऱ्या एन्झाइमला अ‍ॅस्पिरिन कायमचं कुलूप लावतं. इतर पेशी नवं एन्झाइम बनवतात. प्लेटलेटला केंद्रक नाही, तिला ते जमत नाही. ती मरेपर्यंत तशीच राहते. म्हणून डोकेदुखीला तीनशे-सहाशे मिलिग्रॅम लागतं, तिथे इथे रोजची 75ची गोळी पुरते.

आणि पुरावा आला 1988 साली, आयसिस-2 या चाचणीत. 17,187 रुग्ण, हार्ट अटॅकचा संशय असलेले. महिनाभर अ‍ॅस्पिरिन घेतलेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू 23 टक्क्यांनी घटले. या शोधनिबंधात एक खट्याळ नोंद आहे. रुग्णांची राशीप्रमाणे विभागणी केली तर मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसत नाही, उलट किंचित तोटा! आकडे पुरेसे बारीक कापले तर त्यांच्याकडून काहीही वदवून घेता येतं, हे दाखवायला लेखकांनी मुद्दाम ते छापलं. आपल्याकडे हा तक्ता कोणा ज्योतिष्याच्या हाती लागला नाही, हे नशीबच.

तेव्हा छातीत दाटून येतंय, घाम फुटलाय, तर रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तर तीनशेची अ‍ॅस्पिरिन चावून घ्या. चावल्याने ती लवकर शोषली जाते. पण तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं, तर घरी अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करेल.

साठीची शांत होते तशी अनेक निरोगी मंडळी स्वतःहून इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचीच गोळी, सुरू करतात. मला हे मान्य नाही. 2018 साली मधुमेह असलेल्या पण हृदयविकार नसलेल्या 15,480 लोकांचे निकाल आले. साधारण सात वर्षांत गंभीर हृदय-रक्तवाहिन्यांचे प्रसंग अ‍ॅस्पिरिनवाल्यांत 8.5 टक्के, इतरांत 9.6. मोठे रक्तस्राव मात्र 4.1 आणि 3.2. जे मिळालं ते जवळपास तेवढंच गमावलं. सत्तरीपुढच्या निरोगी लोकांवरच्या त्याच वर्षीच्या चाचणीत तर फायदा दिसलाच नाही, रक्तस्राव तेवढे वाढले. ज्याची भिंत आधीच फाटून झालीय, ज्याला अटॅक आलाय, स्टेंट बसलाय, त्याचा हिशोब पूर्ण वेगळा. त्याने गोळी सोडता कामा नये.

समोरून प्रश्न आलाय: स्टेंट आहे आणि डेंग्यू झाला तर? फार नेमका प्रश्न. दोन धोक्यांची इथे टक्कर होते. गोळ्या चालू ठेवल्या तर रक्तस्रावाची भीती, थांबवल्या तर स्टेंट बंद होण्याची. स्टेंट किती महिन्यांपूर्वी बसला, प्लेटलेट किती आहेत, कुठे रक्त येतंय का, या तिन्हींवर निर्णय ठरतो. तो फिजिशियन आणि हृदयरोगतज्ज्ञांनी मिळून घ्यायचा, घरच्यांनी नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल.

आणि या काकूंचा शेवटचा प्रश्न: अ‍ॅस्पिरिन चालू असताना गुडघेदुखीच्या गोळ्या चालतात का? आयब्युप्रोफेन आधी पोटात गेली तर ती एन्झाइमच्या त्याच खाचेत जाऊन बसते, अ‍ॅस्पिरिनला शिरता येत नाही. आयब्युप्रोफेन काही तासांत सुटते, तोवर अ‍ॅस्पिरिन शरीरातून निघून गेलेली असते, आणि प्लेटलेट मोकळीच राहते. शिवाय दोन्ही मिळून पोटात व्रण होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाताना हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत ठेवा, आणि त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच ती दाखवा.