ठणका थांबला, दाढ तिथंच आहे

नमस्कार श्रोतेहो.

मी दातांची डॉक्टर. आज अक्कलदाढेबद्दल बोलायला बसले आहे आणि डोळ्यांसमोर एक मुलगी येते आहे. वय 22. गावाकडून पुण्यात आलेली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. दिवसभर अभ्यासिकेत, दोन्ही वेळा मेसचं जेवण. ती माझ्याकडे आली तेव्हा ओढणी गालावर धरून आली. बोलताना ओठ हलत होते, पण जबडा हलत नव्हता. तीन दिवस दुधात बिस्किटं बुडवून खाते आहे म्हणाली, पोळी चावतच नाही.

मी तिला एक गोष्ट करायला सांगितली. तुम्हीही आत्ता ऐकता ऐकता करून पाहा. आपली मधली तीन बोटं जुळवून, उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. निरोगी तोंडात ती साधारणपणे मावतात. त्या मुलीच्या तोंडात एक बोट कसंबसं गेलं.

मग कळलं की हे तिसऱ्यांदा झालं होतं. पहिल्यांदा दुखलं तेव्हा मेडिकलमधून गोळ्या आणल्या, चार दिवसांत बरं वाटलं. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं, तिनं तीनच दिवस घेतलं, कारण दुखायचं थांबलं होतं. दाढेचा एक्स-रे काढायला बोलावलं होतं, पण परीक्षा जवळ आली म्हणून राहून गेलं.

श्रोतेहो, मला आज जे मनापासून सांगायचं आहे ते इथंच आहे. दाढ ठणकत असते तेव्हा माणूस म्हणतो, काय वाटेल ते करा, पण हिला काढा. नेमकं तेव्हा सूज आणि पू असल्यामुळे भूल नीट लागत नाही, तोंड उघडत नाही, आणि बहुतेक वेळा आधी सूज उतरवावी लागते. सूज उतरली, ठणका थांबला, की तोच माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही. निर्णय घ्यायचे खरे दिवस हेच असतात, दुखणं थांबल्यानंतरचे, आणि तेच आपण घालवतो.

हे दुखणं मुळात होतं कसं? अक्कलदाढा साधारण 17 ते 25 या वयात येतात, सगळ्या दातांच्या शेवटी. कित्येकांना त्या येतच नाहीत, आणि त्यात काही उणं नाही. खालच्या जबड्यात मात्र बऱ्याचदा जागा उरलेली नसते. मग दाढ तिरकी येते, आडवी पडते, किंवा अर्धीच वर येऊन अडकते. अर्ध्या आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पदर राहतो. त्या पदराखाली पोळीचा कण जातो, शेंगदाण्याचं कूट जातं. ब्रश तिथं पोचत नाही. ते कुजतं, पदर सुजतो, आणि सुजलेल्या पदरावर वरची दाढ प्रत्येक घासाला आपटते. कळ कानापर्यंत जाते, गिळताना घसा दुखतो, तोंडाला वास येतो. पुष्कळ जण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतात ते यामुळेच.

घरी काय करायचं? कोमट पाण्याचा पेला, त्यात अर्धा चमचा मीठ, आणि दिवसातून चार-पाच वेळा सावकाश गुळण्या. पाणी त्या बाजूला धरून खेळवायचं. साधी गोष्ट आहे, पण पदराखालची घाण बाहेर काढायला याच्याइतकं चांगलं घरगुती काही मला माहीत नाही. मऊ ब्रश त्या दाढेवरून हलक्या हातानं फिरवायचाच. दुखतं म्हणून ती बाजू सोडून दिली तर दुखणं वाढतं. लवंगेच्या तेलानं थोडा वेळ बधिरपणा येतो, हे खरं आहे. पण कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, तेवढंच. बाटलीतून ओतलं तर हिरडी भाजते. दुखणं थांबवायला पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन घेणार असाल तर उपाशीपोटी नको. आणि दमा, पोटात व्रण, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

ऍस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरू नका, हिरडीवर पांढरा भाजल्याचा चट्टा उठतो. गालावर तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक नको, थंड पाण्याची पट्टी चालेल. आणि माझ्या आयाबहिणींना हात जोडून विनंती, दाढ दुखते म्हणून मिश्री लावू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दुखण्यापुरती सुरू झालेली मिश्री पुढं तीस-तीस वर्षं सुटलेली नाही आणि त्याच गालात कर्करोग झालेला आहे, असं मी पाहिलं आहे. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतले किडे पडतात, असंही सांगतात. दाढेत अळ्या नसतात. जे पडलेलं दिसतं ते बियांमधलं असतं.

आता एक गोष्ट घाईची. ताप आला, थुंकी गिळता येईना, हनुवटीखाली कडक सूज आली, जीभ वर उचलल्यासारखी वाटली किंवा श्वास अडखळला, तर गुळण्या करत सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी मोठं रुग्णालय गाठा. तिथली सूज श्वासाची वाट बंद करू शकते.

मग दाढ काढायची की ठेवायची? सरळ आलेली, पूर्ण बाहेर आलेली, ब्रशनं स्वच्छ ठेवता येणारी दाढ काढायचं काही कारण नाही. न दुखणाऱ्या निरोगी अक्कलदाढा सरसकट काढू नयेत, असं ब्रिटनच्या आरोग्यसेवेनं 2000 सालीच आपल्या डॉक्टरांना सांगितलं, आणि मला ते पटतं. पण पदर पुन्हा पुन्हा सुजतो आहे, दाढ भरता येणार नाही इतकी किडली आहे, किंवा आडवी पडून शेजारच्या चांगल्या दाढेला कीड लावते आहे, तर काढलेली बरी. त्या शेजारच्या दाढेचा विचार फार कमी जण करतात. खरं चावण्याचं काम तीच करते.

काढण्याआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. त्यात डॉक्टरांना एक गोष्ट पाहायची असते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातून जाते, ती मुळांच्या किती जवळ आहे. तुम्हीही विचारा, "डॉक्टर, नस कुठं आहे?" हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे. जवळ असेल तर ओठ बधिर राहण्याची शक्यता असते. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत, महिन्यांत जातो, थोड्यांचा राहतो. फारच जवळ असेल तर कधी कधी दाढेचा वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, हृदयाचा आजार, काहीही लपवू नका, आणि ती गोळी आपल्या मनानं बंदही करू नका.

"दाढ काढली की नजर जाते" असं त्या मुलीच्या आजीनं फोनवर सांगितलं होतं. मी आजींशी बोलले. आजी, डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. अहो, तो पू आत राहिला तर जास्त भीती आहे. आजी म्हणाल्या, "तुम्ही बघताय ना, मग झालं."

सूज उतरल्यावर दहा दिवसांनी तिची दाढ काढली. भूल दिल्यावर दाब जाणवतो, यंत्राचा आवाज येतो, पण दुखत नाही. दुखलं तर डावा हात वर कर, असं ठरलं होतं. एकदा केला, मी थांबले, थोडी भूल आणखी दिली. दाढेचे दोन तुकडे करून काढावी लागली. तीन टाके.

पुढचं सगळं तिच्या हातात होतं. कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. पहिल्या दिवशी चूळही भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. त्या खड्ड्यात रक्ताची जी गाठ बसते तीच जखम भरून काढते, ती निघाली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूळ दुखण्याहून वाईट ठणका लागतो. तसं झालं तर सहन करत बसू नका, डॉक्टर आत औषधाची पट्टी भरतात आणि आराम पडतो. तंबाखू, सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त होतं. पहिला दिवस बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्यानं हलकी चूळ. दहीभात, गार केलेली मऊ खिचडी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेली दिसते, घाबरू नका, मग उतरते.

खर्चाची काळजी असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथं हे काम रोजच्या रोज होतं आणि खासगी दवाखान्याच्या मानानं खर्च पुष्कळच कमी येतो.

आठवड्यानं ती टाके काढायला आली. तीन बोटं अजून मावत नव्हती, दोन मावली. महिन्याभरात तीनही गेली. दुसऱ्या बाजूची अक्कलदाढ आम्ही ठेवली आहे. ती सरळ आली आहे, पदर नाही, किडलेली नाही. गालाकडून ब्रश आडवा घालून, तोंड अर्धंच उघडं ठेवून तिथवर कसं पोचायचं, ते तिनं मला आरशात करून दाखवलं. वर्षभरानं पुन्हा बघायचं ठरलं आहे, आणि तारीख तिनं स्वतःच्या वहीत लिहून घेतली.

नमस्कार.