औषध मारलं मामांनी, चक्कर आली मामीला

श्रोतेहो, नमस्कार. पिकावर औषध मारताना किंवा कारखान्यात तेजाबाच्या टाकीपाशी उभं राहताना अंगावर काय असावं, ते आज बोलू.

माझे मामा कडोलीकडचे, शिस्तीचा माणूस. कोबीला अळी पडली, तेव्हा बेळगावच्या बाजारातून त्यांनी रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा सगळं आणलं. अंगात जुना जाड खाकी कोट. पण पंपात ओतताना डबा हातातून निसटला आणि बिनपाण्याचं गाढ औषध कोटावर सांडलं. मामांनी तिथल्या तिथं कोट काढला, हातपाय धुतले, दुसरा सदरा घालून काम संपवलं. घरी येऊन अंघोळ केली. कोट परड्यात धुण्याच्या दगडावर टाकला.

मामीनं तो घरच्या धुण्यातच भिजवला. मेणचट डाग निघेना, म्हणून उघड्या हातांनी चांगला अर्धा तास घासला. भांडी घासून तिची बोटं भेगाळलेली. दुपारी मळमळ, तोंडाला लाळ, दरदरून घाम. ऊन लागलं असेल म्हणून सगळ्यांनी लिंबूपाणी दिलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा बेळगावला नेलं. डॉक्टरांनी बॅटरीनं बघितलं, तर डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"औषध मारायला गेला होता काय?"

मामी म्हणाली, "मी कुठं जातो शेताला? कपडे तेवढे धुतलो."

"कुणाचे?"

मामा मागं भिंतीला टेकून उभे होते. ते मटकन खालीच बसले. डबा बरोबर नेलेला, म्हणून औषध ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालणारं, हे लगेच कळलं. त्यावरचं उताऱ्याचं औषध, अॅट्रोपिन, सुरू झालं, मामी वाचली. डबा दवाखान्यात न्यायचा, हे विसरू नका. डबा न्यायचाच.

आता थोडक्यात. कापडी आणि कातडी मोजे औषध पिऊन बसतात. नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे घ्या, बिनअस्तराचे. हातमोजे काढण्याआधी धुवा. पुन्हा सांगतो, काढण्याआधी. पँट गमबुटाच्या बाहेर सोडा. तोंडाला बांधलेला टॉवेल वाफ अडवत नाही. बेळगावकडं उद्यमबागेत, मच्छेत कारखान्यांमध्ये तेजाबाशी काम करणाऱ्यांना रबरी एप्रन आणि पूर्ण चेहरा झाकणारी काच हवीच. डोळ्यात उडालं, तर निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. खालची अक्षरं मात्र इतकी बारीक असतात, की साठीच्या शेतकऱ्यानं ती वाचावीत कशी? दुकानदारानं वाचून दाखवल्याशिवाय डबा विकूच नये, असं माझं ठाम मत आहे. तसं बियाण्यांच्या पिशव्यांचंही तेच. असो.

कामाचे कपडे वेगळे धुवा, हातात मोजे घालून. गाढ औषध सांडलेला कपडा मात्र धुवायचाच नाही, टाकून द्यायचा. मामांच्या परड्यात आता लाल पट्टा ओढलेली एक बादली असते. औषधाचे कपडे त्या बादलीत, आणि ते मामा स्वतः धुतात.