सड्यावरची रेघ

[दृश्य: सज्जनगडाचा तट, सकाळ. खाली उरमोडीचं पाणी, पलीकडे पठारांच्या आडव्या रेघा. ठोसेघरच्या बाजूच्या पठारावर बारीक पांढऱ्या काड्या.]

साताऱ्याकडची क्षितिजं आडवी असतात. कुणी पट्टीनं आखल्यासारखा डोंगराचा माथा सरळ जातो, मग एकदम कडा तुटतो. या सपाट माथ्यांना इथली माणसं सडा म्हणतात. वर जांभा दगड, त्यावर बोटभर माती. पावसाळ्यात तेरडा आणि सोनकी, उन्हाळ्यात नुसता तापलेला काळा खडक.

अशा आडव्या रेघेवर एखादी उभी वस्तू ठेवली की नजर तिच्यावर जातेच, मग ती वस्तू सुंदर असो की कुरूप.

चाळकेवाडीच्या सड्यावर अशा उभ्या वस्तू वीस वर्षांहून जास्त काळ आहेत. खाली कोयनेच्या बाजूला वनकुसवड्याच्या पठारावरही आहेत. साताऱ्यात आज कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी पवनचक्क्यांशिवायचा हा डोंगर पाहिलेलाच नाही. रविवारी इथं गाड्या लागतात, कणसं भाजली जातात, लग्नाआधीचे फोटो निघतात. मग प्रश्न उरतो कुठे?

प्रश्न पुढच्या पवनचक्कीचा आहे.

[दृश्य: जुन्या पवनचक्कीचा बुंधा. कॅमेरा हळूहळू वर.]

पहिल्या पिढीतलं साडेतीनशे किलोवॉटचं यंत्र घ्या. त्याची पाती फिरतात ते वर्तुळ ३३ मीटर व्यासाचं. आज देशात उभ्या होणाऱ्या यंत्रांपैकी २.१ मेगावॉटच्या एका जातीचं वर्तुळ १२० मीटरचं आहे आणि त्याचा मनोरा १४० मीटरचा. पातं सरळ वर आलं की टोक २०० मीटरवर. कुतुबमिनार ७३ मीटर आहे; एकावर एक दोन ठेवले तरी जवळपास पाऊण मिनार उरतोच. केंद्र सरकारनं जुनी यंत्रं काढून नवी, मोठी बसवण्याचं सुधारित धोरण २०२३ मध्ये आणलं. कागदावर सहा जुन्यांची ताकद एका नव्यात मावते.

या फिल्मसाठी आम्ही अशी एक पवनचक्की मनातल्या मनात सड्यावर उभी केली. ती कुणी प्रस्तावित केलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ती उभी राहिली तर कुठून दिसेल, किती दिसेल, आणि ज्याला दिसेल त्याचं काय, हे मोजता येतं का, एवढंच पाहायचं होतं.

मोजता येतं. ब्रिटनमध्ये त्याची रीतसर विद्याच आहे. लँडस्केप अँड व्हिज्युअल इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे भूदृश्यावर आणि नजरेवर होणाऱ्या परिणामांचं मूल्यमापन. त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकाची तिसरी आवृत्ती २०१३ ची. त्यातली पहिली शिकवण मला फार आवडली: भूदृश्य वेगळं आणि दृश्य वेगळं. सड्यावरचा जांभा फोडून रस्ता केला तर भूदृश्य बदललं, तिथं बघायला कुणी नसलं तरी. दृश्य मात्र माणसाच्या डोळ्यात असतं. डोळा नसेल तर दृश्य नाही. दोन्हींचा हिशेब वेगवेगळ्या वहीत मांडायचा.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर उंचसखल नकाशा. त्यावर तांबडा रंग पसरत जातो.]

सुरुवात नकाशापासून. डोंगरदऱ्यांची उंची नोंदवलेली उपग्रहाची माहिती आता फुकट मिळते. इस्रोच्या भुवन पोर्टलवरही आहे. संगणकाला सांगायचं, या बिंदूवर २०० मीटरची काठी उभी कर आणि ती जिथून जिथून दिसेल तिथं रंग भर. किती लांबपर्यंत भरायचा? स्कॉटलंडचा नियम दीडशे मीटरपेक्षा उंच पवनचक्कीला ४५ किलोमीटर सांगतो. म्हणजे एका काठीसाठी साताऱ्याच्या बऱ्याच मोठ्या भागाचा नकाशा समोर घ्यायचा. पृथ्वीचा बाकही धरावा लागतो: २० किलोमीटरवर तो साधारण ३० मीटर खाऊन टाकतो.

पण हा नकाशा खोटंही बोलतो. त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटरचा चौकोन. सह्याद्रीचा कडा त्याहून कमी अंतरात तुटतो. संगणक तो कडा घासून गोल करतो, आणि कड्याच्या आड दडलेलं गाव त्याला उघड्यावर दिसतं. झाडं, घरं, वाटेतली कारवी या कशाचा त्याला नीट पत्ता नसतो. म्हणून नकाशावरच्या त्या रंगवलेल्या टापूला म्हणायचंच मुळी ‘सैद्धांतिक’. खरं काय ते पायांनी जाऊन ठरवायचं.

कड्याची गंमत जरा सावकाश समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथं आहे.

[दृश्य: वाळूत काठीनं काढलेली आकृती. पठार, कडा, खाली गाव.]

समजा गाव सड्यापासून ४०० मीटर खाली आहे. पवनचक्की कड्यापासून एक किलोमीटर आत उभी केली. कड्याच्या पायथ्याला राहणाऱ्याला ती दिसणारच नाही. कडाच आड येतो. गावातून निघून कड्यापासून दूर चालत जा. दोन किलोमीटर गेल्यावर पात्याचं टोक पहिल्यांदा डोकावेल. आता तीच पवनचक्की कड्यापासून फक्त २०० मीटरवर आणा. मग चारशे मीटर चाललात की डोकावली. म्हणजे आठशे मीटर पुढे-मागे सरकवण्यानं अख्खी दरी वाचते किंवा जाते. पलीकडच्या पठारावरून मात्र ती दोन्ही वेळा पायापासून शेंड्यापर्यंत दिसते.

गंमत अशी, की कंपनीच्या इंजिनिअरला हवी असते ती धारेजवळचीच जागा. नैर्ऋत्येचा वारा डोंगर चढताना वेग घेतो. अगदी टोकावर भोवरे उठतात म्हणून थोडं मागे, पण फार मागे नाही. वाऱ्याला जी जागा सगळ्यात चांगली, ती नजरेला सगळ्यात वाईट. या दोघांची तडजोड कागदावर मांडणं, हेच त्या मूल्यमापनाचं खरं काम. बाकीचे रंगीत नकाशे त्यासाठीच.

[दृश्य: पुढे ताणलेला हात, बोटांत पाच रुपयांचं नाणं. मागे पठार.]

किती मोठी दिसेल, हे घरबसल्याही कळतं. हात सरळ पुढे ताणा. तीन किलोमीटरवरून ही पवनचक्की बोटात धरलेल्या आगकाडीएवढी उंच. पाच किलोमीटरवरून पाच रुपयांच्या नाण्याएवढी. दहा किलोमीटरवरून करंगळीच्या नखाएवढी. वीसवरून तांदळाच्या दाण्याएवढी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नख हलत नाही. पातं हलतं, आणि स्थिर डोंगरावर हलणारी गोष्ट डोळा कुठूनही हेरतो. शिकारीच्या काळापासूनची सवय आहे ती. मोठ्या यंत्राची एक जमेची बाजू इथं नोंदवायला हवी: ते लहान यंत्रापेक्षा संथ फिरतं. सहा लगबगीच्या काड्यांपेक्षा एक सावकाश फिरणारी काठी बरी वाटेल का? मला वाटते. पण माझं घर तिच्यासमोर नाही.

[दृश्य: तिपाई, तिच्यावर कॅमेरा. टेपनं उंची मोजणारे हात.]

मग नजरेच्या जागा निवडायच्या. सज्जनगड. ठोसेघरचा धबधबा बघायचा कट्टा. कासचा रस्ता. महामार्गावरचं एखादं वळण. खालच्या वाडीतलं अंगण. प्रत्येक ठिकाणी कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आणि भिंग ५० मिलिमीटरचं. मोबाइलच्या रुंद भिंगातून काढलेला फोटो चालत नाही, कारण त्यात डोंगर बसका होतो आणि पवनचक्की बिचारी दिसेनाशी होते. जाहिरातीतल्या चित्रांत नेमकं हेच केलेलं असतं. रीतसर काढलेल्या फोटोवर मग संगणकातली पवनचक्की मापात बसवतात.

आणि इथं एक ठरवाठरवी येते, जिच्याशी माझं भांडण आहे. बघणाऱ्यांची प्रतवारी करायची असते. घरात राहणारा आणि देखावा बघायला आलेला पर्यटक हे सर्वांत संवेदनशील. गाडीतून जाणारा मधला. कामावर असलेला माणूस सगळ्यात खाली, कारण त्याचं लक्ष कामात असतं, आजूबाजूला नसतं. ऑफिस आणि कारखाना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं असेल तर ठीक. पण सड्यावर ढोरं घेऊन जाणारा गवळी धनगर? त्याचं कामच बघणं आहे. ढग कुठे चढला, गुरं कुठे पांगली, कड्याजवळ कोण हललं. दिवसाचे आठ तास क्षितिज बघणाऱ्या या माणसाला ‘कमी संवेदनशील’ म्हणायचं आणि तासाभरासाठी आलेल्या मला ‘जास्त’? ही प्रतवारी इथं आणायची तर उलटी टांगून आणावी लागेल.

[दृश्य: गच्च धुकं. काहीच दिसत नाही. फक्त पात्यांचा आवाज: सूं... सूं...]

ऋतूंचंही तसंच. परदेशी पुस्तकात फोटोसाठी स्वच्छ हवेचा दिवस निवडायला सांगितलंय. इथं जून ते सप्टेंबर वारा सगळ्यात जास्त वाहतो. पवनचक्की तेव्हा जीव तोडून फिरते, आणि नेमकी तेव्हाच ढगात बुडालेली असते. दहा पावलांवरचा बुंधा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. जानेवारीत हवा निवळते, पन्नास किलोमीटरवरचे डोंगर मोजता येतात, आणि तेव्हा पाती बऱ्याचदा निवांत उभी असतात. वीज देते तेव्हा दिसत नाही, दिसते तेव्हा वीज देत नाही. सून-सासूच्या भांडणात शोभेल असं वाक्य आहे, पण हवामानाच्या दृष्टीनं बरंचसं खरं आहे. रात्रीचा लाल दिवा मात्र बारमाही.

[दृश्य: जांभ्याच्या खडकावर निळा-काळा-केशरी गळा फुलवलेला सरडा.]

दुसऱ्या वहीतली, म्हणजे भूदृश्याची, एक नोंद इथंच झालेली आहे. या सरड्याचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. मराठी शब्दच त्यानं लॅटिनमध्ये नेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या सड्यावर त्याचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपटीनं कमी. त्यामुळे सरडे वाढले, आणि माणूस बराच जवळ आला तरी पळेनासे झाले. कास पठार आणि कोयना अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारसा आहेत, आणि हा सडा त्यांच्या शेजारचा.

आता आपल्याकडचे नियम. पर्यावरणीय मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. वनजमीन लागली तर वनखात्याची परवानगी, ती वेगळी. २०१६ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: आवाजासाठी घरापासून ५०० मीटर अंतर, कोसळली तर रस्त्यावर पडू नये एवढं अंतर. कानाचा विचार झाला, डोक्याचा झाला. देखाव्याचा विचार मात्र मला त्यात सापडला नाही.

पवनचक्की नको, असं मी म्हणत नाही. कोळशाच्या राखेचं तळं बघून आलेला माणूस ते म्हणूही शकणार नाही. पण आठशे मीटर मागे सरकवून एक दरी वाचत असेल, तर तो हिशेब खांब रोवण्याआधी कुणीतरी केलेला असावा. कंपनीला तो परवडतो. फोटो, नकाशा, थोडी पायपीट.

[दृश्य: पुन्हा सज्जनगडाचा तट, दुपार. दोन माणसं एक लांबट छापील फोटो उघडताहेत.]

शेवटी आम्ही आमचा फोटो छापून घेतला. गडावर, जिथं कॅमेरा लावला होता त्याच जागी आणला. असा फोटो हातभर अंतरावर ताठ धरायचा असतो, म्हणजे कागदावरचा डोंगर आणि समोरचा डोंगर एकमेकांवर बसतात, आणि नसलेली पवनचक्की खऱ्या सड्यावर उभी दिसते.

क्षणभर दिसली. मग कागद फडफडला, दुमडला, एका टोकानं सुटला. दोघांनी मिळून धरला तरी ताठ राहीना.

वारा होता.