बकमनच्या माडीवरची ट्रंक

नमस्कार श्रोतेहो. आज जायचं आहे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावात. बॉस्टनहून आत जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, गावच्या मोकळ्या मैदानासमोर, एक दुमजली लाकडी घर उभं आहे. बकमन टॅव्हर्न त्याचं नाव. घर बांधलं १७१० च्या सुमाराला, म्हणजे तिथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. खाली मोठ्या चुलाण्याशेजारी पिण्याची खोली, वर निजण्याच्या खोल्या. बॉस्टनच्या बाजाराला गुरं हाकत नेणारे इथे उतरायचे. रविवारी चर्चमधल्या दोन प्रार्थनांच्या मधे गावकरी इथे शेकायला यायचे. बियर, रम आणि साखर एकत्र करून त्यात लोखंडाची तापून लाल झालेली सळई बुडवायची, असं एक पेय त्या काळी फार चालायचं.

अशा जागेची गावाला गरज किती होती पाहा. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५६ साली असा नियम झाला, की ज्या गावात वाटसरूंच्या खाण्या-राहण्याची सोय नसेल त्या गावाला दंड. गावाला दंड, बरं का! मला हे फार आवडतं. आपल्या महामार्गांवर पावलोपावली पेट्रोल पंप आहेत, पण प्रवासात बाईमाणसाला स्वच्छ स्वच्छतागृह शोधत मैलोन्‌मैल जावं लागतं. त्यालाही असाच दंड हवा, असं माझं ठाम मत आहे.

असो. आता मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येते.

१८ एप्रिल १७७५ ची रात्र. बॉस्टनमधली इंग्रज फौज कॉन्कर्ड गावातला शस्त्रसाठा जप्त करायला निघाली होती. पॉल रिव्हियर नावाचा चांदीकाम करणारा कारागीर घोडा फेकत लेक्सिंग्टनला आला आणि त्याने खबर दिली. जॉन हॅनकॉक आणि सॅम्युएल ॲडम्स हे इंग्रजांविरुद्धच्या उठावाचे दोन पुढारी गावातल्या पाद्र्यांच्या घरी उतरले होते. घंटा वाजली, गावची माणसं बंदुका घेऊन मैदानावर जमली. पण फौजेचा पत्ता नाही, आणि गारठा भयंकर. गावच्या तुकडीचे कॅप्टन पार्कर म्हणाले, ढोल वाजला की परत या. ज्यांची घरं जवळ ती घरी गेली, बाकीची बकमनकडे येऊन बसली. मालक जॉन बकमन स्वतःही त्याच तुकडीत होता.

रिव्हियर पुढे कॉन्कर्डकडे निघाला, तो वाटेतच इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती सापडला. त्यांनी त्याला सोडलं, पण घोडा काढून घेतला. घोडा गेला! मग हा गडी अंधारात, कबरस्तानातून, कुरणं तुडवत पायी लेक्सिंग्टनला परत आला. हॅनकॉक आणि ॲडम्स यांना गावाबाहेर पोचतं केलं. आणि तेव्हा हॅनकॉकच्या कारकुनाला, जॉन लॉवेलला, आठवण झाली की साहेबांची ट्रंक राहिली. कुठे? बकमनच्या माडीवर. आत काय? कागदपत्रं. उठावाची तयारी करणाऱ्यांची कागदपत्रं! इंग्रजांच्या हाती लागली असती तर कितीजणांच्या मानेभोवती फास आवळला असता.

रिव्हियर आणि लॉवेल दोघं जिना चढून वर गेले. ट्रंक उचलताहेत तोच खिडकीतून दिसलं, लाल डगल्यांची फौज अगदी जवळ आली आहे. खाली ढोल वाजत होता, माणसं मैदानावर रांग धरत होती. हे दोघं ती जड ट्रंक दोन्हीकडून धरून त्या रांगेमधूनच बाहेर पडले. शंभरएक यार्ड गेले असतील नसतील, एवढ्यात मागे गोळीचा आवाज झाला. पहिली गोळी! ती कुणी झाडली हे आजवर ठरलेलं नाही. रिव्हियरने मात्र १७९८ साली एका पत्रात लिहून ठेवलं, की आवाज आपण ऐकला. त्या क्षणी तो काय करत होता? ट्रंक वाहत होता.

त्या सकाळी लेक्सिंग्टनला आठ माणसं मेली, दहा जखमी झाली. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध तिथून सुरू झालं. घोडेस्वार रिव्हियरचे पुतळे उभे राहिले. कारकून लॉवेलचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि मला ते बरोबर वाटत नाही. कागद कुठे ठेवलेत हे ऐन वेळी आठवणारं माणूस घरात असावं लागतं. श्रोतेहो, तुमच्याही घरी कॉटखालच्या ट्रंकेत जमिनीचे उतारे, पॉलिसीचे कागद असतील. ते कुठे आहेत हे एकट्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असू नये. बायकोला, लेकीसुनांना दाखवून ठेवा. पुन्हा सांगते, दाखवून ठेवा.

पुढे १८१२ साली याच घरात गावचं पहिलं टपाल कार्यालय आलं. १९१३ मध्ये गावाने ते विकत घेतलं, आणि आता तिथली इतिहाससंस्था ते सांभाळते. पुढचं जुनं दार जपून ठेवलंय, त्यात बंदुकीच्या गोळीचं भोक आहे. ट्रंक बघायची असेल तर मात्र मॅसॅच्युसेट्समधल्याच वूस्टर शहराच्या संग्रहालयात जावं लागतं. अमेरिकेत ज्यांची मुलं-नातवंडं आहेत, त्यांनी बॉस्टनला गेल्यावर एक अख्खा दिवस लेक्सिंग्टनसाठी ठेवावा, आणि वूस्टरही वगळू नये. नमस्कार.