मत गुप्त, मतदार समोर: कोल्हापुरातला निवडणूक-अभ्यासक

(दृश्य: मतमोजणी केंद्राबाहेरची गर्दी, गुलाल, हलगी)

२०२४ च्या मे महिन्यात कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात मतदान झालं आणि काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. नोव्हेंबरात विधानसभा झाली. जिल्ह्यातल्या दहापैकी एकाही जागेवर काँग्रेस आली नाही. मधे गेले जेमतेम सहा महिने. त्या दहांतल्या सहा जागा याच लोकसभा मतदारसंघातल्या; तिथे गावं तीच होती, मतदारयादीही जवळपास तीच.

असं का झालं, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. कुणी म्हणतं, लाडकी बहीण. कुणी म्हणतं, लोकसभेला गादीचा मान राखला, विधानसभेला तो प्रश्न नव्हता. कुणी सांगतं, अमक्या गटानं आतून काम केलं नाही. ही सगळी उत्तरं पटण्यासारखी आहेत, अडचण तिथेच आहे. यातलं कुठलं कारण किती मतदारांना लागू पडलं, हे निकालाच्या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. मत गुप्त असतं. ते कुणाला गेलं हे समजायला मतदाराला विचारण्याखेरीज मार्ग नाही, आणि नीट विचारायला शिकण्यात मतदार-वर्तनाच्या अभ्यासकाची बरीचशी नोकरी जाते.

(दृश्य: शिवाजी विद्यापीठाचं प्रवेशद्वार, ग्रंथालय)

या नोकरीचा रस्ता बाहेरून सरळ दिसतो. राज्यशास्त्रात एम. ए. करायचं, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. नेटला दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. महाराष्ट्राची सेट परीक्षा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच. डी. सक्तीची राहिली नाही, पण मुलाखतीला येणाऱ्या बहुतेकांकडे ती असतेच. पात्रता आली म्हणजे नोकरी आली असं मात्र नाही. पद भरलं जाईपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवायचं: तासाला ठरलेले पैसे, तेही पुष्कळदा उशिरा, आणि सुट्टीत काहीच नाही. विषय निवडताना याचा थेट परिणाम होतो. गावोगाव फिरून सहाशे मुलाखती घेणाऱ्या प्रबंधाला पैसा लागतो. ग्रंथालयात बसून ‘अमक्या पक्षाची वाटचाल’ लिहायला तो लागत नाही. मतदारांवरचे प्रबंध कमी आणि पक्षांवरचे जास्त का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

पीएच. डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा. मतदार-वर्तनावर काम करणाऱ्यानं नोंदणीची तारीख निवडणुकीचं वेळापत्रक बघून ठरवावी. लोकसभा नुकतीच होऊन गेल्यावर नोंदणी केली, तर पुढची लोकसभा प्रबंध लिहून संपवायच्या दिवसांत येते. स्थानिक निवडणुकांवर विसंबणं त्याहून धोक्याचं. कोल्हापूर महापालिकेची २०१५ नंतरची निवडणूक व्हायला दहा वर्षं लागली. मधल्या काळात ज्यांनी ‘प्रभागातील मतदान’ असा विषय घेतला, त्यांना अभ्यासायला मतदानच नव्हतं.

(दृश्य: मतदारयादीची पानं, पेन्सिलनं केलेल्या खुणा)

विषयाची पद्धत परदेशातून आणि दिल्लीतून आली. १९४० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी परगण्यात पॉल लाझार्सफेल्ड यांच्या चमूनं सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून त्यांचं मन कधी आणि कशानं बनतं हे नोंदवलं. भारतात रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत विकासशील समाज अध्ययन पीठ, म्हणजे सीएसडीएस, उभं केलं. १९६७ च्या निवडणुकीपासून तिथं देशव्यापी सर्वेक्षणं सुरू झाली. पुढे बरीच वर्षं खंड पडला, १९९६ पासून ती पुन्हा नियमित झाली आणि १९९७ मध्ये त्या कामासाठी लोकनीती हा कार्यक्रम आकाराला आला. महाराष्ट्रातून सुहास पळशीकर यांच्यासारखे अभ्यासक त्याच्या केंद्रस्थानी राहिले. कोल्हापुरातला नवा संशोधक या पद्धतीवरच हात बसवतो.

पद्धत अशी. समजा, विधानसभा मतदारसंघात तीन लाख मतदार आहेत आणि तीस मतदान केंद्रं निवडायची आहेत. सगळी केंद्रं क्रमानं लिहायची आणि मतदारसंख्येची बेरीज पुढे पुढे करत न्यायची. तीन लाखाला तिसानं भागलं की अंतर येतं दहा हजार. एक ते दहा हजारांत कुठलाही आकडा चिठ्ठीनं काढायचा, समजा ४,३१७ आला. तो ज्या केंद्राच्या बेरजेत पडतो ते पहिलं केंद्र. मग १४,३१७, २४,३१७, असं शेवटपर्यंत. मोठ्या केंद्राला निवडलं जाण्याची संधी मोठी, लहानाला लहान, आणि संशोधकाच्या ओळखीच्या गावाला खास संधी नाही.

केंद्र ठरलं की त्या भागाची यादी उघडायची. हजार नावं, पंचवीस हवी, म्हणजे दर चाळिसावं नाव. सुरुवात चिठ्ठीनं, समजा सतरावं. मग सत्तावन्न, सत्त्याण्णव, शेवटचं नऊशे सत्त्याहत्तर. पंचवीस जणांचे पत्ते घेऊन निघायचं तेव्हा वीस मुलाखती हाती लागतील अशी आशा धरायची.

सर्वेक्षक हमखास चुकतात ते इथे. यादीतला माणूस घरी नसला की शेजारच्याला विचारून फॉर्म भरायचा मोह होतो. ते करायचं नाही. घरी सापडणारा माणूस आणि न सापडणारा माणूस यांचं मतदान सारखं नसतं. दूध घालायला गेलेला, शिरोली एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला, इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करून झोपलेला, हे सगळे गाळले तर उरतात पारावर बसलेले. म्हणून एका नावासाठी निदान तीन फेऱ्या, वेगवेगळ्या वेळी. यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्या-मुंबईला गेलेले तरुण आणि वारलेली माणसंही सापडतात. त्यांची नोंद कारणासह वेगळी ठेवायची, कारण यादी किती शिळी आहे हे त्यावरूनच कळतं.

(दृश्य: गावातली दूध संस्था, सकाळचं संकलन)

देशभराच्या प्रश्नावलीत विचारलेलं असतं, ‘तुम्ही कोणत्या पक्षाला जवळचे मानता?’ कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न पुष्कळ घरांत अर्धाच लागू पडतो. इथे राजकारण गटाचं आहे, म्हणजे पक्षापेक्षा नेत्यामागे चालणाऱ्या घरांचं. २००९ ची लोकसभा आठवा: आधी राष्ट्रवादीचे खासदार असलेले सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. पक्षाच्या रकान्यात हे नोंदवलं तर ‘अपक्षांची लाट’ दिसेल, जी नव्हतीच. २०२१ मध्ये गोकुळ दूध संघाची निवडणूक झाली तेव्हा काँग्रेसचे नेते दोन्ही पॅनेलमध्ये होते. ज्या जिल्ह्यात ‘आमचं ठरलंय’ हीसुद्धा प्रचाराची घोषणा होऊ शकते, तिथे ठरवलं कुणी आणि कुठे बसून, हा प्रश्न पक्षाच्या चिन्हाआधी यायला हवा.

म्हणून इथला अभ्यासक प्रश्नावलीला स्थानिक पुरवणी जोडतो. ‘तुम्ही कोणत्या गटाचे?’ असं तोंडावर विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आमी कुनाच्याच न्हाई.’ आडून विचारावं लागतं. घरचं दूध कुठल्या संस्थेला जातं? संघाच्या निवडणुकीत संस्थेतर्फे मत कुणी द्यायचं याचा ठराव गेल्या वेळी कुणाच्या नावे झाला? ऊस कुठल्या कारखान्याला जातो, आणि तोड वेळेवर मिळाली का? ग्रामपंचायतीला कुठलं पॅनेल? शहरात दूध-उसाऐवजी तालीम आणि मंडळ विचारायचं. या उत्तरांवरून घराला गटाचा संकेतांक द्यायचा. नेत्यानं पक्ष बदलला तरी संकेतांक बदलायचा नाही. असं दोन-तीन निवडणुका केलं, की पक्ष बदलल्यावर गटातली किती घरं नेत्याबरोबर गेली आणि किती जागेवर राहिली, हे मोजता येतं.

जात विचारण्यातही अशीच खबरदारी. आडनावावरून जात लिहिणारा सर्वेक्षक शिरोळ-हातकणंगल्यात पहिल्याच दिवशी फसतो. तिथला पाटील मराठा असेल, जैन असेल, लिंगायत असेल. विचारूनच लिहायचं.

गटामुळे आकडेशास्त्रही बदलतं, आणि हे फार थोड्या प्रबंधांत नीट आलेलं दिसतं. सहाशे मुलाखतींना चूक साधारण चार टक्के वर-खाली, असं पुस्तक सांगतं. पण ते सहाशे जण सुटे सुटे निवडले असतील तरच. एका केंद्रात वीस मुलाखती घेतल्या आणि गाव एका गटामागे चालणारं असेल, तर ते वीस जण एकमेकांसारखेच बोलतात. केंद्रातलं हे साम्य शून्य ते एकच्या मापावर ०.०५ धरलं, तर सहाशे मुलाखतींचं वजन उरतं साधारण तीनशेचं आणि चूक जाते साडेपाच टक्क्यांच्या पुढे. तीस केंद्रांत वीस-वीसऐवजी साठ केंद्रांत दहा-दहा घेतल्या, तर तीच चूक पाचाच्या आत येते. खर्च वाढतो तो प्रवासाचा. चंदगड-राधानगरीत वाड्या डोंगरात विखुरलेल्या, दुपारी एसटी नाही. तरीही तो खर्च करावा. आणि एवढं करूनही २०२४ च्या करवीरसारखी, दोन हजारांच्या आत सुटलेली लढत कुठलंही सर्वेक्षण आधी सांगू शकत नाही. ‘सर, कोण येणार?’ या प्रश्नाला प्राध्यापक हसून टाळतात ते यामुळे.

(दृश्य: ओसरीवर मुलाखत, हातात डमी मतपेटी)

मतदानोत्तर सर्वेक्षणाला मतदान आणि निकाल यांच्या मधलेच दिवस मिळतात. निकालानंतर विचारलं की जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारे एकदम वाढतात. कोल्हापुरात मे २०२४ मध्ये हा अवधी ७ मे ते ४ जून असा ऐसपैस होता. विधानसभेला २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला निकाल, हातात पूर्ण दिवस दोनच. एक मुलाखत तीस ते चाळीस मिनिटांची. शोधाशोध धरून एक सर्वेक्षक दिवसाला पाच-सहा चांगल्या करतो. सहाशेसाठी साठेक मुलं-मुली लागतात. त्यांचं प्रशिक्षण मतदानाआधीच उरकावं लागतं, कारण अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला स्वतःला निवडणुकीची ड्यूटी लागलेली असते. ज्या दिवसाचा अभ्यास करायचा, तो दिवस तो भलत्याच मतदारसंघात केंद्राध्यक्ष म्हणून नमुना १७-सी, म्हणजे झालेल्या मतदानाचा हिशेब, भरण्यात घालवतो.

सर्वेक्षक त्याच गावचा नको, नात्यातला नको. मत तोंडी विचारायचं नाही. चिन्हं छापलेली चिठ्ठी द्यायची, पाठ फिरवायची, खूण करून डमी पेटीत टाकू द्यायची. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त प्रश्नावलीचा क्रमांक. बाईची मुलाखत असली की ओसरीवरून आवाज येतोच, ‘तिला काय कळतंय, मला इचारा.’ जोडीतल्या दुसऱ्या सर्वेक्षकानं त्या वेळी काकांना गप्पांत गुंतवायचं आणि मावशींची चिठ्ठी आत स्वयंपाकघरात भरू द्यायची. ते जमलं नाही तर ‘मुलाखतीवेळी दुसरी व्यक्ती हजर’ या चौकटीत खूण करायची. पुढे लाडक्या बहिणीच्या पैशांचा मतावर परिणाम तपासताना ती खूण असलेले फॉर्म वेगळे काढून बघावे लागतात.

मे आणि नोव्हेंबरच्या कोड्याला मात्र एकदाचं सर्वेक्षण पुरत नाही. तीच माणसं दोन्ही वेळा भेटायला हवीत. त्यात गळती होते. दर फेरीला शंभरातले पंधरा जण निसटले, तर सहाशेचे दुसऱ्या फेरीत ५१०, तिसऱ्या फेरीत ४३४ आणि चौथ्या फेरीत ३६८ उरतात. गळणारे बहुतेक तरुण आणि स्थलांतरित, म्हणजे नेमके मत बदलण्याची शक्यता जास्त असलेले.

(दृश्य: महाविद्यालयाचा स्टाफरूम, फाइलींचे गठ्ठे)

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांचं वेळापत्रक वेगळ्याच गतीनं चालतं. सुरुवात वेतनश्रेणीच्या स्तर १० वर, मूळ वेतन ५७,७००. पीएच. डी. असेल तर चार वर्षांनी स्तर ११, पुढे पाच वर्षांनी १२, मग तीन वर्षांनी सहयोगी आणि आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक. म्हणजे सगळं वेळेवर झालं तर पंधरा वर्षं, आणि वेळेवर सहसा होत नाही. महाविद्यालयात प्राध्यापकपदाच्या बढतीला किमान दहा शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. सामाजिक शास्त्रात एका निबंधाला दहा गुण; दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला त्याचे सत्तर टक्के. चार फेऱ्यांच्या सर्वेक्षणातून तीन वर्षांनी एक भक्कम निबंध निघतो, त्यालाही दहाच. आठवड्याला सोळा तास शिकवून, महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाच्या फाइली सांभाळून कुणी तो मार्ग धरला तर त्याला वेडं म्हणणारे सहकारी हिशेबानं चुकत नाहीत. संशोधनाच्या बाजूनं हा हिशेब वाईट आहे, एवढंच.

मधला मार्ग म्हणून बरेच जण नमुना २० वर, म्हणजे निकालाच्या अधिकृत तक्त्यावर, काम करतात. त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मतं असतात आणि ती फुकट मिळतात. पण ‘या केंद्रात लिंगायत जास्त आणि अमक्याला मतं जास्त, म्हणजे लिंगायतांनी त्याला दिली’ असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. कदाचित त्याच केंद्रातल्या इतरांनी दिली असतील. शिवाय केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीला सरकतात. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत जिल्ह्यातले बारा विधानसभा मतदारसंघ दहा झाले, सांगरूळ, पन्हाळा, वडगाव, गडहिंग्लज ही नावं गेली आणि इचलकरंजी लोकसभेच्या जागी हातकणंगले आला. २००४ आणि २००९ ची थेट तुलना तिथेच तुटली.

नोकरीत बत्तिसाव्या वर्षी लागलेला माणूस साठाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याच्या वाट्याला लोकसभेच्या पाच-सहा निवडणुका येतात. पुढच्याला त्यांचा उपयोग व्हायचा असेल तर फॉर्मच्या गठ्ठ्यांबरोबर तीन गोष्टी द्याव्या लागतात: प्रत्येक संकेतांकाचा अर्थ सांगणारी वही, गटांच्या फाटाफुटीची तारीखवार नोंद, आणि जुन्या-नव्या मतदान केंद्रांचा जोडतक्ता. मतदारांची नावं त्याआधी काढून टाकायची. जोडतक्ता केंद्राच्या क्रमांकावर बांधायचा नाही. गावाच्या जनगणना संकेतांकावर बांधायचा, म्हणजे पुढची पुनर्रचना झाल्यावर तो नव्यानं करावा लागत नाही.